१ ऑगस्टच्या फळ्यावर काय लिहू?

खडूफळा · २४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी, पट ३१. परिपाठाआधी दाराजवळच्या छोट्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. वर तारीख-वार, त्याखाली सुविचार, मग दिनविशेषाला उरतात जेमतेम पाच ओळी. एरवी त्या पुरतात. १ ऑगस्टला पुरत नाहीत.

लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठ्यांची जयंती एकाच तारखेला येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण वर्षही एकच आहे, १९२०, हे माझ्या स्वतःच्या लक्षात यायला चार वर्षं गेली. दरवर्षी आम्ही दोन तसबिरी शेजारी शेजारी मांडतो, हार घालतो, नारळ फोडतो आणि भाषणं सुरू होतात. पहिली सहा मुलं शेंगांची टरफलं सांगतात. पुढची चार अण्णाभाऊ दीड दिवस शाळेत गेले एवढं सांगून खाली बसतात. यात मुलांचा दोष नाही, भाषणं आम्हीच लिहून देतो. टिळक म्हणजे टरफलं आणि अण्णाभाऊ म्हणजे दीड दिवस, एवढीच शिदोरी घेऊन माझी मुलं पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या वर्षी तसबिरींपुढची फुलं सारखी करताना चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, हे त्याच दिवशी गेले अन् हे त्याच दिवशी आले, मग दोघं वाटंत भेटले असतील का?" मी म्हटलं, उद्या सांगते. ते राहून गेलं. ती आता पाचवीत आहे. तिचा धाकटा भाऊ माझ्याकडे तिसरीत आहे आणि तोही तिच्यासारखाच विचारणारा आहे.

तर मला आधी हे हवंय की टिळक नक्की ३१ जुलैला गेले की १ ऑगस्टला? मोबाईलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये दोन्ही तारखा सापडतात. आणि दुसरं, १ ऑगस्ट १९२० हा एक अख्खा दिवस म्हणून मुलांपुढे कसा ठेवू? दोन माणसांची दोन वेगळी भाषणं मला नकोत. तो दिवस हवाय.

---

चौपाटीपलीकडचा · २४ जुलै, रात्री ११.१५

बाई, पहिल्याचं उत्तर १ ऑगस्ट. ३१ जुलैची मध्यरात्र उलटून गेल्यावर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्यांनी प्राण सोडला. आधी हिवतापाचं निमित्त झालं, पुढे न्यूमोनिया. बारा वाजून गेले की इंग्रजी तारीख बदलते. आपला वार मात्र सूर्योदयाला बदलतो. ज्यांनी ती रात्र शनिवारची रात्र म्हणून मनात ठेवली, त्यांच्या लेखी ते ३१ जुलैलाच गेले. दोन तारखांचा घोळ इथूनच आला असावा असं मला वाटतं. तुम्ही बिनधास्त १ ऑगस्ट लिहा, वार रविवार.

त्या रविवाराबद्दल थोडं सांगतो, कारण आमच्या घरात तो दिवस चार पिढ्या सांगितला गेलाय. माझे पणजोबा तेव्हा अकरा वर्षांचे, ठाकुरद्वारला चाळीत राहायचे. सकाळी बातमी आली आणि चाळीत एकही चूल पेटली नाही. वडिलांचा हात धरून ते निघाले. पाऊस कोसळत होता. टोपी भिजून कानावर आली, एक वहाण गर्दीत गेली, तरी कोणी मागे फिरायचं नाव काढलं नाही. रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी दिसत होती, असं ते म्हणायचे. लोकमान्यांचा देह बसलेल्या स्थितीत ठेवला होता, म्हणून एवढ्या लांबून लहान पोरालाही चेहरा दिसला. महात्मा गांधींनी खांदा दिला. दहन नेहमीच्या स्मशानात झालं नाही, त्यासाठी खास परवानगी मिळवून गिरगाव चौपाटीच्या वाळूत झालं. आज पुतळा आहे तिथे. म्हातारपणी पणजोबा भेळ खायला आम्हाला चौपाटीवर न्यायचे, पण पुतळ्याच्या बाजूला स्वतः कधी बसले नाहीत. उभे राहायचे.

आता तुमच्या 'एका दिवसा'ची आणखी एक बाजू. असहकाराची सुरुवात करायला गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० ही तारीख आधीच ठरवून जाहीर केली होती. जालियनवाला बाग आणि खिलाफत ही त्यामागची कारणं. त्याच तारखेच्या पत्रानं त्यांनी व्हाइसरॉयना आपली पदकं परत पाठवली: कैसर-ए-हिंद सुवर्णपदक, बोअर युद्धाचं आणि झुलू युद्धाचं. पुढे सप्टेंबरात कलकत्त्याच्या खास अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरला काँग्रेसनं असहकारावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ज्या दिवशी एक नेता गेला, त्याच दिवशी दुसऱ्याची चळवळ सुरू झाली, आणि ती तारीख कोणीही जुळवून आणली नव्हती. पुढच्या वर्षी चळवळीसाठी एक कोटीचा निधी जमवायचं ठरलं तेव्हा त्याला नाव दिलं टिळक स्वराज्य फंड.

---

प्रयोगवही · २५ जुलै, सकाळी ७.०५

विज्ञानाची एक ओळ बसत असेल तर बघा. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मोठ्या भिंगातून सूर्याची किरणं पाऱ्याच्या लाल भस्मावर पाडली आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत पेटली. तो ऑक्सिजन. भिंग आणि सूर्य मुलांना ओळखीचे आहेत.

---

तिसरी पाळी · २५ जुलै, दुपारी १.३०

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचून हातातलं काम ठेवलं. मी लालबागचा. आजोबा, वडील दोघे गिरणीत, वडील साचाखात्यात, म्हणजे मागांवर. बाई, ती दोघं भेटली होती. वाटेत नाही, गिरणगावात. कशी ते सांगतो.

१९०८ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडल्या. वर्षाला एक दिवस, या हिशेबानं सहा दिवस संप. रस्त्यावर लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हा आजच्यासारख्या युनियन नव्हत्या, संपाच्या काळात हातात पैसा पडणार नव्हता, आणि त्यातल्या बहुतेकांना केसरी वाचताही येत नव्हता. कुणीतरी वाचून दाखवायचं, बाकीचे ऐकायचे. कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेल्या या माणसांनी मंडालेला निघालेल्या एका संपादकासाठी सहा दिवसांची मजुरी सोडली. लेनिननं त्याच वर्षी या संपाची दखल घेतली. टरफलांच्या गोष्टीऐवजी मुलांना हे सांगा. सहा बोटं मोजून दाखवा, लक्षात राहील.

आता दुसरं टोक. वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे नावाचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर पायी मुंबईला आला. वाटेगाव वाळवा तालुक्यात, सांगली जिल्हा. तुमच्या मुलांना घाट माहीत आहेत, ते अंतर पायी म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळेल. मुंबईत त्यानं पडेल ते काम केलं, त्यात गिरणीचंही. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिला. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची पत्रकं वाचत अक्षरं गिरवली. संपांमध्ये, लाल बावट्याच्या सभांमध्ये तो घडला. पुढे १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफावर अख्खं गिरणगाव रस्त्यावर आलं. दीड दिवस शाळेत गेलेला हा माणूस तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून गेला. पोरांनो, तो लिहायला कुठे शिकला, असं विचारा. उत्तर आहे, रस्त्यावरच्या पाट्यांवर.

ज्या कामगारांनी १९०८ मध्ये टिळकांसाठी साचे थांबवले, त्यांच्याच चाळींमध्ये, त्यांच्याच पोरानातवंडांमध्ये अण्णाभाऊ वाढले. भेट झाली ती ही.

आणखी एक जोड. भगवानदादाही १ ऑगस्टचे, १९१३, अमरावतीचा जन्म. त्यांचे वडील गिरणी कामगार. १९५१ च्या 'अलबेला'मधला त्यांचा नाच आजही गणपतीत आपल्या गल्लीत चालतो. मुलांना तो नाचून दाखवता येईल, म्हणून सांगितलं.

वर रविवारचा उल्लेख आलाय. गिरणी कामगारांना रविवारची सुटी १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या धडपडीमुळे मिळाली. लोकमान्यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी गिरण्यांचे भोंगे गप्प होते ते त्या सुटीमुळे.

---

हजेरी · २५ जुलै, रात्री ८.५०

वरचं सगळं आवडलं, तरी एक पथ्य पाळा अशी कळकळीची विनंती आहे. दोन तसबिरी शेजारी ठेवल्या म्हणून दोन आयुष्यं एकसारखी करू नका.

अण्णाभाऊंचा जन्म मांगवाड्यात झाला. तो काळ असा होता की गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना रोज हजेरी द्यावी लागायची. माझ्या आजीच्या वडलांनी ती दिली आहे. रात्री मुक्काम कुठे, परगावी का गेलास, सगळं सांगायचं, गुन्हा काही नसताना. हा कायदा १८७१ चा. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून आम्ही विमुक्त दिन ३१ ऑगस्टला पाळतो, १५ ऑगस्टनंतर सोळा दिवसांनी आणि पाच वर्षांनी. 'फकिरा' का लिहिली गेली ते यावरून समजतं. ती बाबासाहेबांना अर्पण का केली तेही. १६ ऑगस्ट १९४७ ला भर पावसात शिवाजी पार्कवर मोर्चा काढून अण्णाभाऊंनी हे स्वातंत्र्य खोटं आहे, जनता भुकेली आहे अशी घोषणा का दिली, तेही.

आणि टिळक? १९१८ मध्ये मुंबईला महर्षी शिंदे यांनी अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. टिळक तिथे अस्पृश्यतेच्या विरोधात जोरात बोलले आणि स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही या प्रतिज्ञापत्रावर सही मात्र केली नाही. मला टिळकांना कमी लेखायचं नाही. परकी सत्तेपुढे न वाकणारी पाठ त्यांची होती, ते मी माझ्या मुलांना सांगतो. पण ही सहीची गोष्टही सांगतो. चौथीच्या मुलांना एवढं समजतं. आमच्या पोरांना तर फारच लवकर समजतं.

---

खडूफळा · २५ जुलै, रात्री १०.२०

हजेरीदादा, तुमचं पोस्ट तीनदा वाचलं. माझ्या ३१ मुलांत सात मुलं अशी आहेत की ज्यांच्या घरात त्या हजेरीची आठवण असणार. मी कधी विचारलं नाही. आता विचारेन, पण वर्गात सगळ्यांसमोर नाही, घरी जाऊन.

तिसरी पाळी, सहा बोटांची गोष्ट मी आजच करून पाहिली. माझ्या मुलीनं विचारलं, "सहा दिवस पैसे नाही मिळाले तर ते जेवले काय?" या प्रश्नावर मी थांबले. उत्तर आहे का तुमच्याकडे?

---

तिसरी पाळी · २५ जुलै, रात्री १०.४५

आमच्याकडे १९८२ च्या संपात काय जेवलो ते सांगू शकतो. गावाकडून आलेले तांदूळ, वाण्याची उधारी, आणि आईनं खानावळीसाठी लाटलेल्या पोळ्या. बायकांच्या हातावर चालले ते दिवस. १९०८ ला यापेक्षा वेगळं काय असणार?

---

सातबारा · २६ जुलै, सकाळी ६.१५

बाई, मी निवृत्त तलाठी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात माझी हाक अजून 'भाऊसाहेब' हीच आहे. १ ऑगस्टला आमचाही दिवस असतो. महसूल वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, ३१ जुलैला संपतं, म्हणून १ ऑगस्ट हा महसूल दिन. सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिलचं, शाळेचं जूनचं, दुकानदाराचं पाडव्याचं आणि जमिनीचं ऑगस्टचं. खरिपाची पेरणी उरकलेली असते, कुठल्या शिवारात काय उभं आहे ते डोळ्यांना दिसतं. तुमच्या मुलांचे आईबाप शेतकरी असतील तर ही ओळ त्यांच्या घरची आहे.

पण मला लिहायचंय ते जन्मतारखांबद्दल. तुम्ही मुलांना थोरांच्या जन्मतारखा शिकवता. त्यांच्या आजी-आजोबांची जन्मतारीख काय ते विचारून या म्हणून सांगा बरं. निम्म्यांची १ जून निघेल. शाळेत नाव घालायला बाप पोराला घेऊन यायचा, गुरुजी विचारायचे केव्हाचा, बाप म्हणायचा दुष्काळ पडला त्या साली. गुरुजी पोराच्या उंचीकडे बघायचे, डोक्यावरून हात कानाला लागतो का ते पाहायचे आणि १ जून टाकायचे. आमच्या कचेरीत एका टेबलावर चौघे १ जूनचे होते, चौघे एकाच दिवशी निवृत्त झाले. त्यातला मी एक. माझा खरा दिवस मला आईनं सांगितला, नागपंचमीच्या आदल्या रात्री. वर्ष तिला सांगता आलं नाही.

तरी नोंदी होत्या. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची वही. गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं की कोतवालामार्फत त्यात चढायचं. जुन्या वह्या मोडीत. पान उघडलं की बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढे नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बाळाला नाव नाही, कारण बारशाआधीच नोंद झालेली. आईचं नाव तर शोधूनही सापडायचं नाही.

एकदा श्रावणबाळ योजनेसाठी एक म्हातारी आली. वयाचा पुरावा मागितलेला. शाळेत गेलेली नाही, दाखला नाही. मी म्हटलं, आजी, काही आठवतं का जन्माचं? म्हणाली, "बेंदराच्या दुसऱ्या दिशी, असं आय सांगायची. बैलाच्या शिंगाचा रंग अजून वला व्हता म्हणं." बापाचं नाव सांगितलं. बेंदूर आषाढात. मी तहसीलच्या अभिलेख खोलीत दोन दिवस बसलो, मोडी येणारे एक जुने कारकून सोबतीला घेतले. सापडलं. बापाचं नाव, 'मुलगी', आणि तारीख. पंचांग काढून पडताळलं, बेंदराचा दुसरा दिवसच. म्हातारीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं कागदाला हात लावला आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठं हाय?" नव्हतं. मी दाखल्यावर तिचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरात लिहिलं.

म्हणून म्हणतो, थोरामोठ्यांच्या शेजारी एक ओळ मुलांच्या घरची राहू द्या.

जाता जाता, जुन्या तारखा जुळवताना एक सांभाळा. शिवाजी महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही त्या काळच्या ज्युलियन गणनेनं आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेनं तो दिवस १ मार्च येतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ सुद्धा तशीच, दहा दिवसांचा फरक. इंग्रजांनी कॅलेंडर बदललं १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. त्याआधीच्या दोन घटना एकाच तारखेला दिसल्या तरी त्या एकाच दिवशीच्या असतील असं नाही. तुमचे १९२० चे दोघे मात्र पक्के एकाच रविवारचे.

---

खडूफळा · २८ जुलै, रात्री ९.१०

भाऊसाहेब, तुमच्या म्हाताऱ्या आजींची गोष्ट मी आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत, चुलीपाशी जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माजी बी १ जूनच हाय बाई."

फळ्याचा कच्चा मसुदा केलाय. पाच ओळी मोजून:

रविवार, १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्रीनंतर मुंबईत लोकमान्य टिळक गेले. भर पावसात चौपाटीवर दहन.
त्याच दिवशी वाटेगावात तुकाराम साठे जन्मला. तोच लोकशाहीर अण्णाभाऊ.
त्याच दिवशी गांधीजींनी पदकं परत केली, असहकार सुरू झाला.
टिळकांना सहा वर्षं शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी किती दिवस काम बंद ठेवलं? (बोटं मोजा.)
आज महसूल दिन. आजीचा वाढदिवस कधी ते विचारून या.

ऑक्सिजन बसला नाही. प्रयोगवही, रागावू नका, भिंग आणलंय. ऊन पडलं तर दुपारच्या सुटीत कागद जाळून दाखवणार आहे. सहीची आणि हजेरीची गोष्ट फळ्यावर नाही घेतली, ती परिपाठात मी स्वतः उभं राहून सांगणार आहे. पाठ करून बोलायची भाषणं या वर्षी नाहीत. त्याऐवजी चौथीची मुलं पायी मुंबईला निघालेल्या मुलाची वाट जमिनीवर खडूनं काढणार आहेत, वाटेगाव ते माटुंगा, मध्ये कृष्णा, मध्ये घाट.

पाचवीतल्या त्या मुलीला मी निरोप धाडलाय. शनिवारी भावाला न्यायला येते तेव्हा पाच मिनिटं थांब, तुझं उत्तर राहिलंय.

आता एकच मागणं. अण्णाभाऊ बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. मुलांना वाट काढून झाल्यावर ते ठिकाण दाखवायला तिथल्या गल्लीचा साधा फोटो हवाय. माणसांचे चेहरे नकोत, नुसती गल्ली. कुणी त्या बाजूला जाणार आहे का?

---

चौपाटीपलीकडचा · २८ जुलै, रात्री ९.३५

मी उद्या सकाळी जातो. परतताना चौपाटीवरच्या पुतळ्याचाही काढतो. पाऊस असेल, फोटो जरा ओले येतील.